पडद्यावर मार खाणारा माणूस कोण असतो?

सिनेमातल्या हिंसेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आम्ही लहानपणापासून ढिशुम-ढिशुम बघत आलो, आम्ही कुठे कुणाचा मुडदा पाडला?" प्रश्न रास्त आहे. सिनेमा बघून किंवा मोबाइलवर गेम खेळून चांगला धडधाकट माणूस उठतो आणि हातात सुरा घेतो, असं दाखवणारा भक्कम पुरावा कुणाकडेही नाही. पण करमणुकीतली हिंसा अंगवळणी पडते असं अभ्यासक म्हणतात, तेव्हा ते मारणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याबद्दल बोलत असतात. रस्त्यावर चौघे मिळून एकाला बडवत असतील, तर भोवती जमलेल्यांच्या मनात त्या वेळी काय चालतं? "अहो, सोडा त्याला" असं तोंडातून निघतं, की "काहीतरी केलं असेल त्याने" असं मनात येतं, की हात खिशातल्या मोबाइलकडे जातो?

या अभ्यासकांचं लिखाण वाचताना मला जे उमगलं ते सांगतो. करमणूक आपल्याला मारायला फारसं शिकवत नाही. कुणाला मार बसला तर हळहळायचं आणि कुणाला बसला तर शिट्टी वाजवायची, हे मात्र ती नीट शिकवते. ही वाटणी एकदा मनात पक्की झाली की थिएटरबाहेर पडल्यावरही ती सोबतच येते.

शरीराला लागणारी सवय

भयंकर काही दिसलं की आपलं शरीर विचाराच्या आधी हलतं. छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसलं आणि आपल्याला काहीच झालं नाही, की शरीर समजून जातं, इथे घाबरायचं कारण नाही. रेल्वेलाइनला लागून राहणाऱ्याला रात्रीची शेवटची लोकल ऐकूच येत नाही, तसं हे आहे. यात वाईट काही नाही. ही सवय लागली नसती तर शल्यचिकित्सक आणि परिचारिका आपलं काम करूच शकले नसते. अडचण तेव्हा येते, जेव्हा पडद्यासमोर लागलेली सवय खऱ्या माणसासमोरही तशीच राहते.

१९७४ मध्ये रोनाल्ड ड्रॅबमन आणि मार्गारेट थॉमस या अमेरिकी संशोधकांनी तिसरी-चौथीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. काही मुलांना मारामारीचा सिनेमा दाखवला, काहींना नाही. मग प्रत्येकाला सांगितलं, "शेजारच्या खोलीत छोटी मुलं खेळताहेत, टीव्हीवर त्यांच्याकडे लक्ष ठेव, काही झालं तर मोठ्या माणसाला बोलाव." टीव्हीवर आधीच चित्रित केलेलं दृश्य चाले, त्यात ती छोटी मुलं भांडायला लागत, मग हाणामारीवर येत. सिनेमा बघून आलेल्या मुलांनी मोठ्यांना बोलवायला जास्त वेळ घेतला. त्यांनी स्वतः कुणालाही मारलं नव्हतं. एवढ्या भांडणाला कुणाला कशाला बोलवायचं, अशी त्यांची पट्टी सरकली होती.

मोठ्या माणसांवरचा एक प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. डॅनियल लिन्झ, एडवर्ड डॉनरस्टीन आणि स्टीव्हन पेनरॉड यांनी १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या तरुणांना रोज एक याप्रमाणे पाच सिनेमे दाखवले गेले, बायकांना अत्यंत क्रूरपणे मारणारे. पहिल्या दिवशी ते हादरले होते. शेवटच्या दिवसापर्यंत अस्वस्थता ओसरली, आणि या सिनेमांतली हिंसाही त्यांना पूर्वीपेक्षा कमी वाटू लागली. त्यानंतर त्यांना एका बलात्काराच्या खटल्याचं चित्रण दाखवलं. हे सिनेमे न पाहिलेल्या तरुणांच्या मानाने यांना त्या स्त्रीला झालेली इजा कमी वाटली. खटल्यातल्या स्त्रीचा त्या सिनेमांशी काडीचा संबंध नव्हता, तरी किंमत तिने मोजली.

आणखी एक निरीक्षण प्रयोगशाळेबाहेरचं, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. ब्रॅड बुशमन आणि क्रेग अँडरसन यांनी थिएटरबाहेर एका तरुणीला उभं केलं. पायाला दुखापत झाल्याचं भासवत ती आपल्या कुबड्या खाली पाडायची आणि त्या उचलायला धडपडायची. हिंसक सिनेमा बघून बाहेर पडलेल्यांनी तिच्या मदतीला यायला सुमारे २६ टक्के जास्त वेळ घेतला. सिनेमा सुरू होण्याआधी आत जाणाऱ्यांमध्ये मात्र, ते कोणताही सिनेमा बघायला आलेले असोत, असा फरक दिसला नाही. म्हणजे हिंसक सिनेमाला मुळात निष्ठुर माणसंच जातात असंही म्हणता येत नाही. काही सेकंदांचाच फरक, आणि तो किती काळ टिकतो हा वेगळा प्रश्न. पण अपघातानंतर रस्त्यावर पडलेल्या माणसाला काही सेकंदही फार असतात.

दृश्य कसं रचलेलं असतं

नुसती सवय एवढंच कारण असतं तर सगळ्याच हिंसेचा परिणाम सारखा झाला असता. तसा तो होत नाही. युद्धावरचा एखादा सिनेमा बघून माणूस दोन दिवस जेवत नाही, आणि दुसऱ्या सिनेमात शंभर माणसं मरतात तरी पॉपकॉर्न थांबत नाही. फरक रचनेत आहे.

आपल्याकडच्या कुठल्याही ठरावीक मारामारीच्या प्रसंगाकडे नीट बघा. नायक शिरतो तिथे वीस गुंड उभे असतात. एकालाही नाव नाही, एकाच्याही घरी कुणी वाट बघत नाही. पहिला काचेतून आरपार जातो, दुसऱ्याचा हात उलटा वळतो, तिसरा पडताना असा चेहरा करतो की थिएटर हसतं. हाड मोडल्याचा आवाज वाढवलेला असतो, ओरडण्याचा दाबलेला. चाल संथ होते, ढोल सुरू होतो. पुढच्या प्रसंगात गाणं लागतं, आणि त्या वीसजणांपैकी किती इस्पितळात गेले, किती जन्माचे लंगडे झाले, हे कुणी दाखवत नाही. त्याआधीच्या अर्ध्या तासात खलनायकाने एखाद्या मुलीवर किंवा म्हाताऱ्यावर हात टाकलेला असतो, म्हणजे आपल्या मनातला शेवटचा संकोचही लेखकाने आधीच काढून घेतलेला असतो.

अमेरिकेत १९९० च्या दशकात टीव्हीवरच्या हजारो कार्यक्रमांची अशी मोजदाद झाली. सुमारे ६० टक्के कार्यक्रमांत हिंसा होती. त्याहून महत्त्वाचं असं की, हिंसेच्या जवळपास तीन चतुर्थांश प्रसंगांत मारणाऱ्याला ना शिक्षा होत होती, ना पश्चात्ताप, ना कुणी नावं ठेवत होतं.

शिक्षा दिसण्या-न दिसण्याने काय होतं, हे अल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं. मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बडवतो अशी फिल्म त्यांनी लहान मुलांना दाखवली. एका गटासाठी शेवटी त्या माणसाला बक्षीस मिळे, दुसऱ्यासाठी दम आणि मार, तिसऱ्यासाठी काहीच नाही. दम मिळालेला बघणाऱ्या मुलांनी बाहुलीला सगळ्यात कमी मारलं. पण नंतर "काय बघितलं ते करून दाखव, खाऊ देतो" म्हटल्यावर तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं. कसं मारायचं हे सगळेच शिकले होते. मारलेलं चालतं की नाही, एवढंच शेवटाने ठरवलं होतं.

हिंसा दाखवूच नये असं कुणी म्हणू लागलं की मला महाभारत आठवतं. अठरा दिवसांच्या कत्तलीचं इतकं तपशीलवार वर्णन करणारा ग्रंथ शोधून सापडणार नाही. पण युद्ध संपल्यावर व्यास विजयाची मिरवणूक काढून थांबत नाहीत. स्त्रीपर्व येतं. गांधारी रणांगणावर उभी राहते आणि एकेक प्रेत ओळखत जाते, आपली मुलं, सुनांचे नवरे, शत्रूकडचा अभिमन्यूसुद्धा. प्रत्येकाला नाव आहे, प्रत्येकामागे रडणारं कुणीतरी आहे. आपल्या आजच्या करमणुकीने कापून टाकलं आहे ते हे पर्व.

ठाकूर, वेलणकर आणि सिंघम

आपल्याकडे ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते ती पोलिसांच्या सिनेमात.

१९७५ च्या 'शोले'चा मूळ शेवट वेगळा होता. त्यात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉर बोर्डाने तो शेवट होऊ दिला नाही. पूर्वी पोलीस अधिकारी असलेल्या माणसाने कायदा हातात घेतलेला चालणार नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन त्याला अडवतात असा प्रसंग घालावा लागला. (ही आणीबाणीची वेळ होती, आणि कायद्याचा मान राखा असं सिनेमाला सांगणारं सरकार स्वतः हजारोंना खटल्याविना तुरुंगात ठेवत होतं, हेही विसरता कामा नये.)

१९८३ मध्ये 'अर्धसत्य' आला. दिग्दर्शन गोविंद निहलानींचं, पटकथा विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांनी त्याआधी नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या वाढत्या हिंसेचाच अभ्यास केला होता, आणि तो अभ्यास या पटकथेत जाणवतो. त्यातला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर कोठडीत एका माणसाला इतकं मारतो की तो मरतो. शेवटी तो राजकारणात शिरलेल्या गुंडाचा, रामा शेट्टीचा, जीव घेतो आणि स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर होतो. आपण त्याच्या बाजूने असतो, तरी टाळी वाजवायला हात उठत नाही. वडिलांचा मार बघत मोठा झालेला एक माणूस आतून कसा मोडत जातो, हे आपण पाहिलेलं असतं.

२०११ च्या 'सिंघम'मध्ये खलनायकाला पोलीसच एकत्र येऊन संपवतात आणि ती आत्महत्या ठरवली जाते. थिएटरात टाळ्या पडतात. नायक मराठी, रुबाब मराठी, "आता माझी सटकली" लहान पोरांच्या तोंडी. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात या सिनेमाचं नाव घेऊन सांगितलं की, एकटा पोलीस झटपट न्याय करतो आणि न्यायाधीश म्हणजे जाड चष्म्याची भित्री, गबाळी माणसं, हे चित्र फार घातक संदेश देतं.

छत्तीस वर्षांत तीन टप्पे. आधी मारू दिलं नाही, मग मारलं तर कबूल केलं, मग मारलं, लपवलं आणि तोच विजय ठरला.

याच काळात पडद्याबाहेर काय चाललं होतं? १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत १३५ माणसं मेली. त्यावरच्या याचिकेचा शेवट सर्वोच्च न्यायालयात २३ सप्टेंबर २०१४ ला झाला आणि चकमकींच्या चौकशीसाठी १६ मार्गदर्शक सूचना आल्या. २००६ मध्ये वर्सोव्यात झालेली एक चकमक न्यायालयात खोटी ठरली आणि २०१३ मध्ये त्यासाठी पोलिसांनाच जन्मठेपा झाल्या.

डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण डॉक्टरवरच्या बलात्कार आणि खुनातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, पेढे वाटले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की, मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि चौघांपैकी तिघे तेव्हा अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी या अहवालावर नजर टाकली असेल?

मग आपल्या घराजवळचं बदलापूर. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, लोक रुळांवर उतरले, आणि २३ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या त्या सूचनांना बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. मुंबईत "बदला पुरा" असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने मात्र पोलिसांनी वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं असं म्हटलं.

लोकांचा संताप खोटा नव्हता. देशात पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. मुलीवर अत्याचार झाल्यावर साधी तक्रार नोंदवून घ्यायला ज्यांना तास न् तास बसवून ठेवतात, त्या आईबापांना "कायद्यावर विश्वास ठेवा" असं कुठल्या तोंडाने सांगायचं? पोलिसपट खपतात ते या खऱ्या जखमेवर बोट ठेवतात म्हणून. पण उपाय म्हणून ते जे देतात त्यात एक मोठी फसवणूक आहे. पडद्यावर गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडलेला असतो, म्हणून तो माणूस दोषी आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं. बाहेर ते कुणालाच माहीत नसतं. ते शोधण्यासाठीच खटला असतो. आरोपी मेला की खटला संपतो, त्याच्यासोबत आणखी कोण होतं, कुणी डोळेझाक केली, हे विचारायची जागाही आक्रसते.

जॉर्ज गर्बनर या अमेरिकेतल्या अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या शेवटापासून अनेक वर्षं टीव्हीवरची हिंसा मोजली. त्याला आढळलं की, खूप टीव्ही बघणाऱ्यांना जग प्रत्यक्षापेक्षा जास्त धोकादायक वाटतं. हा परिणाम आकड्यांत लहान आहे, त्यावर टीकाही झाली आहे. पण गर्बनरने पुढे दिलेला इशारा मला चकमकींच्या संदर्भात फार नेमका वाटतो. घाबरलेली माणसं सहज हाकता येतात, आणि सोपे, कठोर दिसणारे उपाय त्यांना लगेच पटतात. टीव्हीवर रोज रात्री गुन्ह्यांची नाट्यरूपांतरं बघणाऱ्या घरात हे ताडून पाहायला फार लांब जावं लागत नाही.

मग गेमचं काय?

इथे हात राखून बोलायला हवं. प्रयोगशाळेतले परिणाम बऱ्याचदा अल्पकाळचे असतात. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला, आणि हिंसक गेम खेळणं व आक्रमक वागणं यांच्यात संबंध आढळला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये बजावलं की, खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. त्यामुळे कुठे खून झाला की आरोपीच्या मोबाइलमधला गेम दाखवणाऱ्या बातम्या बिनबुडाच्या असतात, आणि घरातली मारहाण, दारू, गावगुंडी यांवरचं लक्ष त्या उडवतात.

रक्ताचा रंग

आपल्याकडे यावर उपाय म्हणून काय होतं? रक्त पुसलं जातं. तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० मध्ये श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं, तेव्हा स्त्रीच्या साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. मग तो डाग निळा केला गेला, आणि हा लाल आहे असं समजा, असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं. पन्नास वर्षांनी, २०२१ मध्ये, बंदी घातलेल्या पबजी या गोळीबाराच्या मोबाइल गेमच्या जागी भारतासाठी खास नवी आवृत्ती आली, तिच्यात रक्त हिरवं होतं. गोळ्या त्याच, माणूस तसाच पडतो.

प्रमाणपत्रांच्या पद्धतीत अलीकडे थोडी सुधारणा झाली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांच्या प्रमाणपत्राचे, ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले, ओटीटीसाठी तशी वर्गवारी २०२१ च्या नियमांपासूनच आहे. पालकांना याचा उपयोग होतो. पण ही सगळी यंत्रणा मुख्यतः किती रक्त आणि किती शिव्या हे मोजते. हसत हसत मारलेली थप्पड, पाठलाग करून "पटवलेली" नायिका, मालिकेत तीन बाजूंनी तीनदा दाखवलेला सुनेच्या कानाखालचा आवाज, यांत थेंबभरही रक्त नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुषांनी काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य ठरवलं. हे मालिकांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, ते त्याहून फार जुनं आहे. पण ज्या घरात हे आधीच मान्य आहे, तिथे ती थप्पड काय सांगून जाते?

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट करता येते आणि ती परिणामकारक ठरल्याचं दिसलं आहे. एमी नेथनसन आणि जोअॅन कँटर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरी ते सहावीतल्या मुलांना मारामारीचं कार्टून दाखवलं. एका गटाला आधी एवढंच सांगितलं, "ज्याला मार बसतोय त्याला काय वाटत असेल, याचा विचार करत बघ." दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही. काही न सांगितलेल्या गटातल्या मुलग्यांना ते बघून मारणं अधिक योग्य वाटू लागलं. पहिल्या गटात तसं झालं नाही. कार्टून तेच होतं, एक सेकंदही कापलेला नव्हता.

घरात हे करायला टीव्ही बंद करावा लागत नाही. काचेतून आरपार गेलेला तो पहिला गुंड दिसला की विचारायचं, "याचं नाव काय असेल रे? आता याला दवाखान्यात कोण नेणार?" पहिल्यांदा मूल वैतागेल, म्हणेल "बाबा, बघू द्या ना." दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते स्वतःहून नाव सांगायला लागतं.